डाव्या स्टिअरिंगची टोरिनो

गाडी गेल्याचं दत्तप्रसादला सकाळी कळलं. चहाचा कप घेऊन तो गॅरेजमध्ये गेला, तर शटर अर्धं वर होतं आणि आत नुसती मोकळी जागा. फळीवरची पणती तेवढी जागेवर होती.

त्याचा मुलगा यतिन धावत आला. "ओह नो, बाबा. टोरिनो?"

"हं."

एकोणसत्तर सालची फोर्ड टोरिनो. अमेरिकेत असल्याच गाड्या स्टॉक कार शर्यतीत धावायच्या, गोल ट्रॅकवर, कायम डावीकडे वळत. दत्तप्रसादने ती कंटेनरमधून सिडनीला मागवली होती, क्वेकर्स हिलचं घर घेण्याच्याही आधी. स्टिअरिंग त्याने डावीकडेच राहू दिलं. त्यामुळे त्याची बायको सुनेत्रा उजवीकडे बसायची आणि सिग्नलला लोक तिलाच ड्रायव्हर समजायचे. मग ती मुद्दाम दोन्ही हात वर करून केस बांधायची.

शर्यत कशी असते ते त्याने बायकोला एकदा समजावून सांगितलं होतं. "ट्रॅकची भिंत नेहमी उजव्या बाजूला."

"म्हणजे माझ्या बाजूला. आपटलो तर आधी मी," ती म्हणाली होती. "छान आहे रे तुझी गाडी."

मार्चमध्ये सुनेत्रा गेली. तेव्हापासून त्याने गाडी बाहेर काढली नव्हती. रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये पणती लावायचा, थोडा वेळ स्टुलावर बसायचा, मग घरात यायचा.

"बाबा, इट्स अ कार. गणपती नाहीये," यतिन म्हणायचा.

दत्तप्रसाद पणतीची वात सारखी करायचा.

दुपारी एक पोलीसबाई आली. वयाने लहानच होती. "गाडीत काही किमती सामान होतं?"

त्याने यतिनकडे पाहिलं. "नाही. किमती काही नाही. पण मागच्या डिकीचं, बूटचं कुलूप तोडतात का हे लोक?"

"सांगता येत नाही. बहुतेक इंजिनसाठी नेतात."

"बूटचं काय घेऊन बसलास, बाबा?" यतिन मराठीत पुटपुटला. "इंजिन गेलं तर संपलं सगळं."

त्या संध्याकाळी दत्तप्रसादने रिकाम्या गॅरेजमध्येही पणती लावली.

दोन दिवसांनी वाईहून वासंतीताईंचा फोन आला. सुनेत्राची थोरली बहीण.

"भावोजी, नुसतं येतो येतो किती दिवस म्हणणार? तिकीट काढा."

"गाडी मिळाली की लगेच काढतो."

"विमानाने यायचंय ना तुम्हाला? की ती गाडी पोहत येणार आहे?"

"गाडी मिळू दे, ताई," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात यतिनने ऑफिसमधून फोन केला. आवाज खुशीत होता. "सरप्राइज! टोरिनो कालच सापडली, विंडसरला एका शेडमागे. मी परस्पर टो करून ग्लेनकडे टाकली. एकदम नीट करूनच तुला दाखवणार होतो."

"बूट?"

"काय?"

पण दत्तप्रसादने फोन ठेवून चपला घातल्या होत्या. तो ट्रेनने गेला.

ग्लेन पहिल्यापासून टोरिनोचं काम बघायचा. त्याच्या वर्कशॉपच्या अंगणात गाडी उन्हात उभी होती.

"टायर गेले, रेडिओ गेला," ग्लेन हात पुसत म्हणाला. "इंजिनला कोणी हात लावलेला नाही. लकी आहेस, मेट."

दत्तप्रसाद सरळ मागे गेला. बूट उघडा होता. आतला पत्रा धुतलेला, अजून ओला.

"त्याचं तर विचारूच नको," ग्लेन म्हणाला. "कुलूप फोडलेलं. आत एक प्लॅस्टिकचा डबा फुटून सगळीकडे राखाडी भुकटी. पत्र्याचे खड्डे बुजवायचा जुना बॉडी फिलर असणार. आधी व्हॅक्यूम मारला, मग पाइपने धुऊन काढलं. तुझ्या सुनेत्राला गाडीत कचऱ्याचा कण चालायचा नाही, आठवतंय ना? त्याचे पैसे नकोत मला."

दत्तप्रसादने ओल्या काँक्रीटवरून गटाराच्या जाळीपर्यंत पाहिलं.

"ठीक आहेस ना, मेट?"

"थँक्स, ग्लेन," तो म्हणाला.

सुनेत्राच्या अस्थी कृष्णेत सोडायच्या राहिल्या होत्या.