दुर्बिणीचं दार

"हातमोजे बघा," खाली जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातून रॉयसचा आवाज कानात आला.

दर पाऊण तासाला हा हुकूम यायचा. वेंडेलने बोल्ट आवळायची मोटर थांबवली. अवकाशातल्या दुर्बिणीच्या दाराचे बारा बोल्ट, त्यातले आठ बसले होते. सहा तास तो आणि लॉर्ना यानाबाहेर तरंगत या दाराशी झटत होते. त्याने हातमोज्यांकडे नुसतं बघितल्यासारखं करायचं ठरवलं होतं. पण सवयीने तळवे वर झाले.

उजव्या अंगठ्याखाली चीर होती. नखाएवढी. वरचा थर फाटून आतले पिवळसर धागे दिसत होते.

कशाने, ते त्याला लगेच कळलं. दार आवळताना तो आधारासाठी डावीकडची कड धरत होता. सरावाच्या तलावात बुडवलेल्या नकली दुर्बिणीची ती कड त्याने सहा वर्षं अशीच धरली होती. कितीतरी जणांच्या हातांनी ती घासून गुळगुळीत झाली होती. खऱ्या दुर्बिणीच्या कडेला कुणाचा हातच लागला नव्हता, ती धारदारच होती.

"माझे दोन्ही ठीक," लॉर्ना म्हणाली.

"वेंडेल?"

त्याने अंगठा मुठीत मिटून घेतला.

"अरे, झोपलास का?" रॉयस म्हणाला. "ते तुझ्या गॅरेजचं दार नाही, बटण दाबलं आणि लागलं."

लॉर्ना दाराच्या पलीकडून सरकत आली. तिने आपला माइक बंद केला, त्यालाही खूण केली, आणि आपलं हेल्मेट त्याच्या हेल्मेटला टेकवलं. असं टेकवलं की आवाज काचेतून जातो, जमिनीवर कुणाला ऐकू येत नाही.

"दाखव."

त्याने हात पुढे केला.

"हवा धरून आहे अजून," तो म्हणाला. "वीस मिनिटं, लॉर्ना. चारच राहिलेत."

"आणि विसाव्या मिनिटाला फाटला तर? तुझ्या बायकोला काय सांगू मी? नवरा गेला, पण दार झकास बसलंय?"

"उघडं राहिलं तर ऊन सरळ आत जाईल. दुर्बीण आंधळी होईल. आणि आपल्यामागे इथे कुणी यायचं नाही. हे शेवटचं उड्डाण आहे."

"मला माहीत नाही का? रॉयसला तू सांगतोस की मी सांगू?"

लॉर्नापाठोपाठ वेंडेलनेही माइक चालू केला.

"उजव्या मोज्याला चीर आहे."

रॉयसच्या आवाजातली थट्टा गेली. "दोघंही आत या. आत्ता. दार आहे तसं सोडा."

"तू हो पुढे," लॉर्ना म्हणाली. वेंडेलच्या कमरेची मोटर तिने सोडवून घेतली. हत्यारं आत न्यायची म्हणून घेतली असेल, असं त्याला वाटलं.

तो यानाच्या कठड्याला धरून एकेक हात पुढे सरकू लागला. या पोशाखात मान वळते, हेल्मेट वळत नाही. मागे काय चाललंय ते दिसायची सोय नव्हती. यानात शिरायच्या झडपेपाशी पोचून त्याने यानाच्या हवेची नळी पोशाखाला जोडली आणि मग शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

"लॉर्ना, कुठे आहेस?"

"दोरी अडकलीय माझी. सोडवतेय."

तिचा श्वास त्याच्या कानात येत होता. ती श्वास रोखत होती, मग सोडत होती. पुन्हा रोखत होती. दोरी सोडवायला कुणी इतका वेळ श्वास रोखत नाही. मोटरचा झटका अंगावर घेताना रोखावा लागतो.

समोर पृथ्वीच्या काळ्या कडेवर निळी रेघ उमटली. आणखी तीन-चार मिनिटांत सूर्य वर येणार होता. परत जावं असं त्याला वाटलं. यानाशी बांधून ठेवणाऱ्या दोरीच्या कमरेवरच्या कडीवर त्याचा हात गेला, मग मागे आला. चीर पडलेल्या मोज्याची मूठ त्याने यानाच्या भिंतीवर आपटली. आवाज झाला नाही.

मग त्याला कॅमेऱ्याची आठवण झाली. लॉर्नाच्या हेल्मेटवरचा कॅमेरा चालू होता. ती जे बघत होती ते जमिनीवर भिंतीएवढ्या पडद्यावर तीसेक माणसं बघत होती. आता कुणीतरी तिच्यावर ओरडणार, म्हणून तो वाट बघत राहिला.

कुणीच बोललं नाही. निळी रेघ रुंद होत गेली.

शेवटी रॉयसने घसा साफ केला.

"लॉर्ना, दोरी सावकाश सोडव," तो म्हणाला. "वरच्या डाव्या बोल्टला अजून अर्धा फेरा हवाय."