विमलाबाईंची वरची जागा

“कळव्याला वारा बाकी छान आहे हं, वहिनी,” मंदाकिनी पदराने घाम पुसत म्हणाली. “आणि पूल ओलांडला की आपण ठाण्यातच की!”

“वाऱ्यावर भात शिजत नाही, मंदा,” सुमती म्हणाली.

काल डोंबिवली बघून झाली होती. तिथे घरापुढे भातखाचरं, दिवेलागणीला कंदील, आणि घरमालकाच्या तोंडी एकच विषय, साप. आज कळवा. सुमतीच्या नवऱ्याची, हरिहरची, कराडहून मुंबईला बदली झाली आणि ही मंडळी त्याच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे मंदाकिनीच्या, ठाण्याच्या नौपाड्यातल्या दीड खोलीत येऊन राहिली. शाळा उघडायच्या आत जागा मिळाली नाही, तर सुमतीने मुलीला घेऊन परत कराडला जायचं, असं ठरलं होतं. नवरा इथे आणि बायको तिथे!

“काकू, आपण नौपाड्यातच का नाही बघत?” तिच्या हेमाने विचारलं. “तुमच्या घरामागच्या शाळेत मुली बॅडमिंटन खेळतात! मी कुंपणावर चढून बघितलंय.”

“कुंपणावर?” सुमतीने डोळे वटारले.

“नौपाड्यात जागा मिळणं कठीण गं बाई,” मंदाकिनी घाईघाईने म्हणाली. “आमची सरोज नाही का! कल्याणला खोकून खोकून बेजार झालीय, तिथली धूळ मानवत नाही. तीसुद्धा इकडे यायचं म्हणतेय कधीची. चला, उसाचा रस घेऊ या.”

सरोज म्हणजे मंदाकिनीची सख्खी बहीण. दर रविवारी ती यायची, आणि दोघी बहिणी गॅलरीत उभ्या राहून तासन् तास कुजबुजायच्या.

ती गॅलरी तर सुमतीच्या डोळ्यांत सलायचीच. दीड खोली का असेना, पण बटण दाबलं की दिवा! नळ घरात! कोपऱ्यावर डॉक्टर! थोरली सून असून सुमती अजून आडावरून पाणी ओढत होती, आणि धाकटी इथे नळाखाली तांदूळ धुवत होती. वर पुन्हा गोड बोलणं. गोड बोलून कळवा दाखवायचा, गोड बोलून डोंबिवली दाखवायची.

दुसऱ्या दिवशी सुमती एकटीच भाजीला गेली. परतताना तिला एका घराच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद दिसल्या.

“कोण राहतं गं इथे?” तिने भाजीवाल्या शकूला विचारलं.

“कोन नाय, बाय. विमलाबाईंची वरची जागा खाली झालीय. दोन खोल्या, मोरी, नल, समदं हाय.”

मंदाकिनीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर! सुमतीच्या हातातली मेथीची जुडी तिथेच चुरगळली. जागा कठीण काय! सासरचं माणूस शेजारी नको, म्हणून हे सगळं! ती तडक अंगणातून खालच्या मजल्यावर विमलाबाईंच्या दारात गेली.

विमलाबाईंनी नाव विचारलं तेव्हा तिने माहेरचं आडनाव सांगितलं, म्हणजे जावेच्या कानावर काही जायला नको.

“उशीर केलात हो,” विमलाबाई म्हणाल्या. “शब्द देऊन बसलेय मी. पलीकडच्या मंदाकिनीबाईंच्या नात्यातली मंडळी आहेत.”

सरोज! सुमतीच्या कानशिलात जाळ झाला.

“बाई म्हणजे सोनं आहे म्हणे,” विमलाबाई कौतुकाने सांगू लागल्या. “तिच्या लोणच्याची फोड म्हणे वर्षभर करकरीत राहते. आरती म्हणायला लागली की शेजारपाजार गोळा होतो. आणि कुणाच्या पाठीमागे वावगा शब्द काढायची नाही. मंदाकिनीबाई तर सांगताना थकत नाहीत.”

फोड आमचीही करकरीत राहते, सुमती मनात म्हणाली, पण आमची दवंडी कोण पिटतंय? बहिणीसाठी कशी जीभ चालते बघा!

“चांगलंच आहे की,” ती सावकाश म्हणाली. “पण खोकल्याचं सांगितलं का त्यांनी?”

“कसला खोकला?”

“मी काही बोलत नाही, बाई. आपल्याला काय करायचंय! पण घरात तसला खोकला असला की अशीच तोंडभरून स्तुती करावी लागते. तुमच्याकडे लहान नातवंडं दिसतात, म्हणून आपलं सांगितलं.”

विमलाबाईंनी अंगणात खेळणाऱ्या नातवाला हाक मारून जवळ ओढलं.

“बरं झालं वेळेवर बोललात. विचार करते मी,” त्या म्हणाल्या.

सुमती अंगणाबाहेर पडली ती तरंगतच. संध्याकाळी हरिहरला घेऊन परत यायचं, तेव्हा खरं आडनाव सांगून टाकायचं, विमलाबाई हसण्यावारी नेतील. त्या दिवशी दुपारी तिने आपणहून मंदाकिनीची सगळी भांडी घासली, आणि हेमाला कुंपणावर चढल्याबद्दल माफसुद्धा केलं.

दिवेलागणीला ती लुगडं बदलत होती, तेवढ्यात मंदाकिनी बाहेरून आली आणि उंबऱ्यातच बसली. डोळे रडून लाल झालेले.

“काय झालं गं? सरोज बरी आहे ना?”

“सरोजला काय धाड भरलीय!” मंदाकिनीने नाक ओढलं. “वहिनी, पक्कं होईपर्यंत तोंडातून काढलं की दृष्ट लागते, म्हणून मी गप्प होते, कळवा-डोंबिवली नुसतं दाखवत होते. सरोजलासुद्धा कळू दिलं नाही, तीही जागा शोधतेय म्हणून. विमलाबाईंची वरची जागा तुमच्यासाठी महिनाभर धरून ठेवली होती मी. रोज जाऊन तुमचे गोडवे गायले. आणि आज कोण कुठली बाई आली, आणि तुमच्या घरात खोकला आहे असं सांगून गेली! आता विमलाबाई आपल्या भाच्यालाच आणून ठेवणार आहेत, कुणी परकं नकोच म्हणाल्या.”

तिने सुमतीचा हात घट्ट धरला.

“तुमच्यावर इतकी जळणारी ही मेली कोण असेल हो, वहिनी?”