पाचवा महिना

“तू बाहेर बस,” तपासणीच्या खोलीच्या दाराशी आई थोरलीला म्हणाली.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रजा टाकून आली होती ती. धाकटीच्या नवऱ्याला कामावरून सोडेनात, आईचा गुडघा धरलेला, म्हणून धाकटीला हाताला धरून जिना चढवायला थोरली हवी होती. जिना संपला, गरज संपली. बारा वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली, पण उतारूला इतकं तडकाफडकी तिनेही कधी उतरवलं नव्हतं.

कारण तिला ठाऊक होतं. जिची स्वतःची दोन गेली, तिची सावलीही आईला धाकटीच्या पोटावर नको होती. पहिलं गेलं ते भरल्या बसमध्ये, उभ्याउभ्या, काही न दुखता. सासरचे म्हणाले, बसचे धक्के. दुसऱ्या वेळी तिने डेपोत टेबलाचं काम मागून घेतलं. तेही पाचव्याच महिन्यात गेलं. तेव्हा आई दोन दिवस राहिली आणि गुडघ्याचं निमित्त सांगून घरी परतली.

आता कुठे गेला होता गुडघा? तिसरा महिना संपता संपता धाकटीच्या पिशवीला टाका घातला आणि आईने तिच्याकडे मुक्कामच ठोकला. पिशवी नाजूक आहे, एवढंच थोरलीला फोनवर सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, घरात हिंडूफिरू दे. आई तिला पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा उठू देत नव्हती. धाकटीचं लहानपणापासून असंच. खिडकीची जागा तिची, नवं दप्तर तिचं, आता आईही तिचीच. थोरली जळत होती. आपण जळतोय हे कळत होतं, म्हणून जास्तच जळत होती. एकदा तर त्या टाक्याबद्दल मनात असं काही आलं, की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

“मी आत येणार,” ती म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीला तपासलं. टाका पक्का होता, बाळ मजेत होतं. धाकटी हसली. आईने सुटकेचा निःश्वास सोडला. थोरलीला राहवलं नाही. एवढं कसलं मेलं नाजूक, बायका शेवटच्या दिवसापर्यंत राबतात, असं ती बोलून गेली.

डॉक्टरीणबाईंना तो टोमणा कळला नाही. त्यांनी कागद ओढला आणि पिशवीचं चित्र काढून दाखवलं.

“हिच्या गर्भाशयाच्या तोंडावरचा खराब भाग दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढलाय. त्याने तोंड आखूड होतं. सगळ्यांना त्रास होतो असं नाही. पण एखादीचं तोंड पाचव्या महिन्याच्या सुमाराला उघडतं, काही न दुखता. हिने आधी सांगितलं म्हणून मोजमाप घेत राहिलो, वेळेत टाका घातला. नाहीतर कळलंही नसतं.”

थोरली त्या चित्राकडे बघत राहिली. धाकटीचं ऑपरेशन झालेलं तिला माहीत होतं. कसलं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, तुम्हाला मुलं किती. थोरलीने सांगितलं, दोन गेली, दोन्ही पाचव्यात, पहिलं बसच्या धक्क्यांनी. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. बसच्या धक्क्यांनी सहसा असं होत नाही, त्या म्हणाल्या. मग विचारलं, तुमचं असलं काही ऑपरेशन झालंय का.

“नाही,” थोरली म्हणाली. हे उत्तर तिला पाठ होतं. दोन्ही वेळा दवाखान्यात नाव घालताना तिने हेच दिलं होतं. तोंडातून निघून गेल्यावर ती आईकडे वळली.

आई टेबलाला धरून उभी राहिली.

“झालंय, डॉक्टर. हिचंही तेच झालंय, लग्नाच्या आधी. लग्न मोडेल म्हणून जन्मभर बोलायचं नाही, असं मीच बजावलं होतं. तुम्ही पहिल्या दिवशी धाकटीला समजावलंत, तेव्हाच मला उमगलं थोरलीची दोन कशी गेली ते, आणि तेव्हापासून मी हिला या खोलीच्या बाहेर ठेवतेय.”