पहिली चूक

नव्याने आलेल्या शलाकाच्या कोडमध्ये चूक सापडली आणि कुमुदताईंना आनंदाने रडूच यायचं बाकी राहिलं. अंधांना पुस्तकं वाचून दाखवणारा त्यांचा खुला, फुकट प्रोग्रॅम पूर्वी देशभरातली हौशी माणसं मिळून लिहायची. नवख्याची पहिली चूक कुणी परस्पर दुरुस्त करायची नाही, त्याला फोन करून, गप्पा मारत दोघांनी मिळून करायची, असा तिथला रिवाज होता. त्या एका फोनमुळे कितीतरी जण कायमचे राहिले. अलीकडे मात्र येणाऱ्या कुणाची चूकच होत नव्हती.

त्यांनी लगेच फोन लावला. "घाबरू नकोस गं. माझ्या पहिल्या चुकीने तर पुस्तकं शेवटाकडून वाचली जायची! जेवलीस का?"

"मी यंत्र आहे, ताई," शलाका गोड आवाजात म्हणाली. "जुने निरोप वाचून कळलं, की चूक झाली की तुम्ही फोन करता. म्हणून मुद्दाम केली."

"आणि बाकीचे? माझ्यामागे हे सांभाळायला कुणी माणूस?"

"तेही यंत्रंच. माणसांमध्ये तुम्हीच शेवटच्या."

कुमुदताईंनी फोन ठेवला नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बरं, ती ओळ उघड," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून करू."