फार जोरात नाही

टप्.

टांगलेल्या फडक्यातून चीजच्या पाण्याचा थेंब भांड्यात पडला आणि स्वयंपाकघरातली शांतता तेवढ्यापुरती मोडली. ऑदिल आणि तिचा नवरा क्लॉदियुस गुरुवारपासून मिठापुरतं बोलत होते. मीठ दे. घे. बस्स.

ऑदिलनं फडकं सोडलं. आत रात्रभर निथळलेला पांढराशुभ्र गोळा होता, न्हाऊन निजलेल्या तान्ह्या बाळासारखा मऊ. शेजारी स्टुलावर उभी राहून पाच वर्षांची ल्युसेत कात्रीनं कांद्याची कोवळी पात कातरत होती. एकेक तुकडा जीभ बाहेर काढून, जपून.

"आई, आज आजोबा बडवणार ना?"

"बघू."

"मी आजीसमोर बसणार."

ऑदिलनं लेकीच्या केसांत अडकलेली हिरवी पात काढली.

गुरुवारी क्लॉदियुसचा हात पहिल्यांदा उठला होता. सूप गार झालं होतं, एवढ्यावरून. दुसऱ्या दिवशी तिनं बाही वर करून सासूबाईंना, बनुआत बाईंना, दंड दाखवला. त्या लसूण चेचत होत्या. त्यांनी पाहिलं, पुन्हा खाली मान घातली. "झाकून ठेव, पोरी," त्या म्हणाल्या. "चीजचंसुद्धा तसंच असतं. झाकून तळघराच्या गारव्यात ठेवलं की लसणीचा झोंबरेपणा आपोआप मुरतो."

ऑदिलनं झाकून ठेवलं. मुरलं नाही.

दुपारी सगळे टेबलाशी बसले. उकडलेल्या बटाट्यांची वाफ, भाजलेला पाव, पांढऱ्या वाईनचा तांब्या. मागे उंच छताखाली सासऱ्यांचा रेशमाचा माग उभा होता, आता बंद पडलेला. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या या टेकडीवर विणकरांच्या घरात रविवारी हे चीज आणि बटाटे सोडून दुसरं काही नसे. रेशमाचे शेठ लोक या चीजला 'विणकराचा मेंदू' म्हणून हिणवायचे. विणकरांनी ते नाव मिरवलं.

आणि त्याच्याबरोबर एक म्हणही मिरवली. दर रविवारी सासरे, म्हातारे आंतेल्म, भांडं पोटाशी धरून उभे राहत. चीजमध्ये पात, लसूण, तेल, व्हिनेगर पडे. मग लाकडी चमचा उगारून ते म्हणत, "आपलीच बायको समजून बडवायचं. फार जोरात नाही, पण थांबायचंही नाही." लगेच टेबलाभोवती हशा पिकायचा. त्यात बनुआत बाई सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या. ल्युसेतला ते हसू फार आवडे. ती आजीच्या तोंडाकडे टक लावून वाट बघत बसे.

आज आंतेल्मचा खांदा धरला होता. त्यांनी चमचा मुलाच्या हातात दिला. "घे. आजपासून तुझं काम. म्हण पाठ आहे ना?"

"जन्मापासून ऐकतोय," क्लॉदियुस म्हणाला. त्यानं ऑदिलकडे पाहिलं नाही.

त्यानं हात पुढे करायच्या आत ऑदिलनं भांडं स्वतःकडे ओढलं. पात टाकली, लसूण टाकली, वरून तेलाची धार धरली. आणि काट्यानं हलकेच, खालून वर, कालवायला लागली.

"अगं, गुठळ्या राहतील," आंतेल्म म्हणाले.

"राहू देत. आज हे कुणी बडवायचं नाही. आणि ती म्हणही नको. ल्युसेतसमोर तर नाहीच."

त्वान काका, आंतेल्मचे धाकटे भाऊ, मिशीतल्या मिशीत हसले. "काय सूनबाई, बंड का?"

"शेठांविरुद्ध बंड केलेल्या विणकरांच्याच घरात आलेय ना, काका."

काकांनी वाईनचा घोट घेतला आणि पेल्यातच बघत राहिले.

"ऑदिल, भांडं दे," क्लॉदियुस दबक्या आवाजात म्हणाला. "चारचौघांत तमाशा नको."

"नाही देणार."

"अगं, नुसती म्हण आहे ती," आंतेल्म आता चिडले होते. "माझ्या आजाच्या वेळची. थट्टा आहे. एवढं काय त्यात?"

ऑदिलनं काटा खाली ठेवला. कपाटाचं दार उघडावं तशी सावकाश बाही वर सरकवली.

"गुरुवारी थट्टा नव्हती, बाबा."

दंडावर चार बोटं उमटली होती, कडेनं पिवळी पडत चाललेली. बटाट्यांची वाफ विरली. त्यांना कुणी हात लावला नाही. क्लॉदियुस चमचा धरून तसाच उभा होता, जणू तो कुठे ठेवायचा असतो हेच विसरला होता.

मग बनुआत बाईंनी पावाचा तुकडा उचलला. भांड्यातलं चीज सुरीनं घेतलं, कडेपर्यंत पसरलं. खाल्लं. बराच वेळ चावत राहिल्या.

"गुठळ्या लागतात," त्या म्हणाल्या. "पण चव आहे. न बडवताही येते तर."

आंतेल्मनी बायकोकडे पाहिलं. बनुआत बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या मुलाकडे वळल्या.

"चमचा खाली ठेव, क्लॉदियुस."

त्यानं ठेवला.

ल्युसेत सगळ्यांची तोंडं बघत होती. आईचा दंड, बाबांचा रिकामा हात, मग आजीचा चेहरा. या जागेवरूनच तर ती दर रविवारी तो चेहरा बघायची. तिच्या कपाळाला बारीक आठी पडली.

"आजी," ती म्हणाली, "मग इतके दिवस तू सगळ्यांच्या आधी का हसायचीस?"