शुद्धीत

"धोंडुबाई, हे काय सांगून बसलात!" कानिटकर वकिलांनी कपाळावर हात मारला.

सांगलीच्या कोर्टात दावा चालू होता. धोंडुबाईचा नवरा सिद्धू वारला, पण विमा कंपनी पैसे देईना. उलट कंपनीनंच प्रश्न पाठवले, शपथेवर उत्तरं द्या म्हणून. त्यातल्या एकानं घात केला. विमा उतरवण्याआधी मयताची शुद्ध कधी हरपत होती काय? आणि या माउलीनं वकिलांच्या कारकुनाला खुशाल सांगितलं, व्हय, दर अमावशेला!

"आवं सायेब, बिरोबाचं वारं अंगात यायचं त्यास्नी. वाऱ्यात शुद्ध कुठली ऱ्हाती?"

"कंपनी त्याला फेफरं म्हणेल! आजार लपवून विमा घेतला, फसवणूक केली, म्हणून दावा फेटाळून घेईल. मग बसा बोंबलत!"

"पर हाय ते खरं हाय."

कानिटकर उठले, येरझारा घातल्या, पुन्हा बसले. काय करावं या बाईला! बहात्तरच्या दुष्काळात हिची मेंढरं गेली. पैसे आले तर चार घेईल, नाहीतर जन्मभर लोकांची राखेल. आणि म्हणे खरं!

"हे बघा, वारं यायचं, पण तो शुद्धीत असायचा. आपण काय बोलतोय ते त्याला कळायचं. एवढंच लिहू. झालं."

"म्हंजी देवाची भाकणूक शुद्धीत सांगायचं?"

"हो बाई, हो! करा अंगठा."

धोंडुबाईनं बराच वेळ विचार केला. मग अंगठ्याला शाई लावून घेतली.

तिची लेक अंजना दाराशी बसली होती. नवऱ्यानं मारून हाकललेली, वर्षभर आईकडंच होती.

"आये," ती म्हणाली, "मला त्या दारुड्या बिजवराला द्या, हे आबा वाऱ्यातच बोललं हुतं न्हवं? मी रडत हुते, तर तू म्हनलीस, देवाचा शब्द हाय, मोडायचा न्हाई."

धोंडुबाईचा हात कागदावर थांबला.

"मग तवा आबा शुद्धीत हुतं?"

"अहो टेका लवकर," कानिटकर ओरडले, "कोर्ट बसलंय तिकडं!"

धोंडुबाईनं अंगठा लुगड्याला पुसून टाकला. लेकीकडं काही तिला बघवेना.

"न्हाई सायेब. शुद्ध नव्हती त्यास्नी," ती म्हणाली. "तसंच लिवा."