ऐकणाऱ्याचं घड्याळ

समोरच्या टेकडीखाली धूर दिसला तेव्हा चौकीतल्या घड्याळात बरोबर चार वाजले होते. तिच्या वहीत साडेचार लिहिलं होतं.

एका पायानं बाळाची झोळी हलवत तिनं वायरलेसचं बटण दाबलं. "काका, धूर कसला हो तिकडे?"

"कसला म्हणजे? जाळरेषा पेटवली." पलीकडच्या देशातल्या चौकीवरून काकांचा आवाज आला. "चार म्हणजे चार. आमची माणसं कधी नव्हे ती वेळेवर उगवलीत, कौतुक कर जरा."

"पण तुमचे चार म्हणजे आमचे साडेचार ना!"

"अगं पोरी, सकाळी मी तुझेच चार सांगितले होते."

झोळी हलवणारा पाय थांबला.

जंगल एक, देश दोन, आणि दोन्हीकडच्या घड्याळांत अर्ध्या तासाचं अंतर. सहा वर्षं काका आपली वेळ सांगायचे आणि ती त्यात अर्धा तास मिळवून वहीत लिहायची. गेल्या महिन्यात दोन्हीकडच्या साहेबांची बैठक झाली. घोळ नको म्हणून ठरलं, पहिल्या तारखेपासून बोलणाऱ्यानं ऐकणाऱ्याच्या घड्याळाची वेळ सांगायची. त्या बैठकीचं टिपण तिनंच लिहिलं होतं, चांगलं वळणदार अक्षर काढून. आणि आज सकाळी काकांनी 'चार' म्हटल्यावर हातानं आपला नेहमीचा अर्धा तास मिळवून टाकला होता.

"काका, आमचे हे खाली आहेत." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "जनावरांसाठी झाडांना लावलेले कॅमेरे काढायला गेलेत. साडेचारपर्यंत वेळ आहे म्हणून मीच सांगितलं त्यांना."

खरखरीतून काकांनी विचारलं, "कुठे?"

"सात नंबरच्या खांबापाशी. नाल्यात उतरलं की वॉकीटॉकी लागत नाही."

"वारा तुझ्याकडे आहे," काका म्हणाले. आवाजातली थट्टा पार गेली होती. "सायरन वाजव. थांबू नकोस."

"आणि तुम्ही?"

उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. सहा वर्षांत पहिल्यांदाच पलीकडे कुणी नव्हतं.

तिनं दाराशी ठेवलेला सायरन उंबऱ्यावर ओढला आणि त्याचा दांडा फिरवायला घेतला. पहिल्याच किंकाळीला बाळ दचकून उठलं आणि रडू लागलं. रोज ते नुसतं कुशीवर वळलं तरी ती धावायची. आज तिनं मान वळवली नाही. रड राजा, रड. तुझ्या बाबांना ऐकू जाऊ दे.

खाली गवत तडतडत होतं. माणसाच्या उंचीचं वाळलेलं गवत, दोन्ही देशांच्या मधल्या पट्ट्यात वर्षभर वाढलेलं. ते आधीच जाळून टाकलं म्हणजे उन्हाळ्यातला वणवा इकडचा तिकडे जात नाही. दरवर्षी ती हा जाळ खिडकीतून बघायची, चहा पीत. आज जाळाच्या तीन जिभा एकमेकींना येऊन मिळाल्या आणि सात नंबरचा पांढरा खांब धुरात बुडाला.

नवरा मुळात इतका लांब जाणारच नव्हता. नाल्यापलीकडचे तीन कॅमेरे जळाले तर जळू देत, असं म्हणून तो बूट चढवत होता. तेव्हा तिनंच वहीत बघून सांगितलं होतं, "साडेचारला आहे की. आरामात होतील तुमचे." त्यावर तो हसला होता. "मग बिबटीणबाईंच्या पिल्लांचे फोटो घेऊनच येतो. चहा टाकून ठेव."

चहाचं भांडं स्टोव्हवर तसंच होतं.

दांडा फिरवून खांदा भरून आला. हात बदलला. बाळाचा आवाज बसत चालला. राखेचे काळे तुकडे उडत येऊन तिच्या केसांत बसू लागले. हाताला तेवढंच काम होतं म्हणून ती उभी होती, नाहीतर केव्हाच खाली बसली असती.

मग धुरातून शिट्टी ऐकू आली. एक लांब, दोन आखूड. त्याची नव्हे. त्याची शिट्टी ती झोपेतही ओळखायची.

तिचा हात थांबला.

नाल्याच्या कोरड्या वाळूतून काहीतरी वर येत होतं. आधी वाटलं एखादं जनावर, चार पायांचं. मग ते जनावर खोकलं आणि त्याची दोन माणसं झाली. एकाच्या गळ्यात तीन कॅमेरे लोंबत होते आणि भुवया जळून गेल्या होत्या. त्याला खांद्याचा आधार देणारा दुसरा म्हातारा होता, बुटका, पोट सुटलेला, एका पायात चप्पल नसलेला.

ती धावली. नवऱ्याचा चेहरा तिनं दोन्ही हातांनी चाचपला, पीठ मळल्यासारखा.

"नाल्याच्या वाळूत गवत नसतं," म्हातारा धापा टाकत म्हणाला. तोच आवाज, फक्त खरखर नसलेला. "खांब नंबर सांगितलास म्हणून बरं. आणि हे बघ, इकडे पाय ठेवायचं पत्र नाहीये माझ्याकडे. मी आलो होतो असं वहीत लिहू नकोस हं पोरी."

"काका, चूक माझी..."

"पाणी दे आधी."

चौकीच्या दाराशी आल्यावर तिनं तांब्या पुढे केला. घेताना त्यांची बाही मागे सरकली. काजळलेल्या मनगटावर जुनं घड्याळ होतं. त्यात तिकडचे तीन छप्पन्न नव्हे, चार वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

तिनं दारातून आतल्या भिंतीकडे पाहिलं. तिथेही चार सव्वीसच.